'नीडफुल' म्हणजे काय रे भाऊ?

ऑफिसच्या मेलमधलं ते एक वाक्य आपण सगळेच लिहितो. ते चूक की बरोबर, यावर तावातावाने भांडणारेही पुष्कळ. पण ते वाक्य लिहून आपण नेमकं काय लिहायचं टाळतो, हा प्रश्न मला पडला तो थेट शेलूबाजारात!

रात्रीचे पावणेबारा. फोन वाजला. स्क्रीनवर मामेबहिणीचं नाव. एवढ्या रात्री ती फोन करते म्हणजे एकतर प्रेमभंग, नाहीतर ऑफिस. या वेळी ऑफिस होतं.

"ताई, मी राजीनामा देतेय."

ही माझी मामेबहीण वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारात राहते आणि पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून काम करते. परदेशातल्या छोट्या-मोठ्या दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळायच्या, असं कामाचं स्वरूप. पहिलीच नोकरी, प्रोबेशनचा शेवटचा महिना, आणि घरात मॅडमच्या पगारावर आधीच दोन प्लॅन ठरलेले.

झालं होतं असं, की अमेरिकेतल्या एका क्लायंटच्या वेबसाइटचं सिक्युरिटी सर्टिफिकेट संपत आलं होतं. हिने मंगळवारी मेल टाकला. तुमचं सर्टिफिकेट शुक्रवारी संपतंय, आणि पुढे आपलं सर्वांचं लाडकं वाक्य, 'प्लीज डू द नीडफुल'. क्लायंटने मेल वाचला. त्याला वाटलं, कळवलंय म्हणजे हेच लोक करतायत. हिला वाटलं, सांगितलंय म्हणजे तो करेल. दोघंही निवांत! शनिवारी त्याचं दुकान उघडायला जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ब्राउझर बजावत होता, की ही जागा सुरक्षित नाही. ऐन वीकएंडची विक्री बुडाली.

सोमवारी कॉलवर क्लायंटने विचारलं, 'नीडफुल' म्हणजे मी नक्की काय करायचं होतं? आणि मग टीममधल्या कुणीतरी त्या मेलचा स्क्रीनशॉट काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चार स्मायली. आणि एक कॉमेंट, 'गावाकडचं इंग्लिश'.

"वेबसाइट बंद पडली याचं वाईट वाटलंच गं," ती म्हणाली, "पण त्या स्मायली... मला झोपच येत नाहीये."

योगायोगाने त्याच आठवड्यात मामेभावाचं साक्षगंध होतं. मी ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलेलंच होतं. म्हटलं, "राजीनामा ड्राफ्टमध्ये ठेव. मी येतेय."

बाबूजींचा निकाल

शेलूबाजार तुम्ही पाहिलं नसेल, पण त्यावरून गेला असाल. अकोल्याहून मंगरुळपीरकडे जाणारा रस्ता आणि जुना नागपूर-औरंगाबाद महामार्ग यांची गाठ पडते ते हे गाव. आता समृद्धी महामार्गावर चढायची-उतरायची सोयही इथे आहे. गंमत म्हणजे समृद्धीचा नागपूर ते शेलूबाजार हा २१० किलोमीटरचा टप्पा २ मे २०२२ ला सुरू होणार, असं जाहीर झालं होतं. तो मुहूर्त हुकला आणि शेवटी ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी असा रस्ता एकदमच खुला झाला. 'पोस्टपोन' हा शब्द गावाला चांगलाच पाठ आहे!

नोव्हेंबरातली सकाळ. सोयाबीन निघून गेलेलं, शेतात तूर उभी. घरात मांडववाला, केटरर आणि आत्यांचा गोंधळ. त्या गोंधळात बहीण लॅपटॉप घेऊन माडीवर बसलेली, डोळे सुजलेले. मी पोहोचल्यावर मामाही चहाचा कप घेऊन वर आले.

मामा सरकारी कार्यालयातून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. नोकरीला लागले तेव्हा जिल्हा अकोला होता. १ जुलै १९९८ ला वाशिम वेगळा जिल्हा झाला, टेबल मात्र तेच राहिलं. आयुष्यभर आवक-जावक सांभाळलेला माणूस. त्यांनी चष्मा लावून तो बदनाम मेल वाचला.

"यात चूक काय हाय?" मामा म्हणाले. "आपण तं जलमभर हेच लिवलं."

बहिणीला जरा धीर आला. पण मामांचं वाक्य संपलं नव्हतं.

"पण एक सांगू का तुले? ज्या अर्जावर नुसतं 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असं राहे ना, तो अर्ज आमच्याकडे लय दिवस राहे."

आणि मग चहा थंड होईपर्यंत मामांनी आम्हा दोघींचा क्लास घेतला. समजा एखाद्याचे वडील वारले. तो अर्ज करतो, 'वडील मयत झाले आहेत, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' आता योग्य म्हणजे काय? सातबाऱ्यावर वारस लावायचा? पेन्शन बंद करायची? की नुसती नोंद घ्यायची? क्लार्क तो कागद साहेबांपुढे ठेवतो, साहेब त्यावर 'नियमानुसार कार्यवाही करावी' असं लिहून परत क्लार्ककडे पाठवतात. कागद दोन टेबलं फिरला, काम तसूभर नाही! दुसरा माणूस लिहितो, 'वडिलांच्या जागी वारस म्हणून माझं नाव सातबाऱ्यावर लावावं, मृत्यूचा दाखला जोडला आहे.' त्याचं काय करायचं ते वाचतानाच कळतं.

"मग तुम्ही स्वतः का लिहायचे तसं?" मी विचारलं.

मामा हसले. "अवं पोरी, वरच्या साहेबाले 'तुम्ही हे करा' असं कसं लिवणार? आन् खालच्याले लिवलं तर उद्या चुकलं तं आपल्या अंगावर. 'योग्य ते' लिवलं की मान बी राखला जाते आन् आपण बी मोकळे."

आता बोला! ज्या प्रश्नावर कॉर्पोरेट ट्रेनर दोन दिवसांची वर्कशॉप घेतात, त्याचं उत्तर शेलूबाजारच्या माडीवर दोन वाक्यांत मिळालं.

आमची नव्हे, त्यांचीच इस्टेट

आधी त्या स्मायलीवाल्यांचा हिशोब करू. 'डू द नीडफुल' हे गावाकडचं इंग्रजी नाही. ते अस्सल साहेबाचं आहे. जे गरजेचं असेल ते करणे, या अर्थाने 'द नीडफुल' हा प्रयोग ब्रिटनमध्ये अठराव्या शतकापासून रुळलेला होता. व्यापारी पत्रांत, कचेऱ्यांत, वकिलांच्या चिठ्ठ्यांत तो चालायचा. पुढे तिकडे तो मागे पडला. इकडे मात्र कंपनी सरकारच्या कचेऱ्यांमधून तो आपल्या कारकुनांच्या बोटांत उतरला आणि तिथेच राहिला. आजच्या शब्दकोशांत त्याच्यापुढे 'जुनं' किंवा 'भारतीय इंग्रजी' असा शेरा दिसतो. 'चूक' असा नाही! व्याकरणाने वाक्य स्वच्छ आहे. फक्त अमेरिकेतल्या तिशीतल्या दुकानदाराने ते बहुधा कधी ऐकलेलंच नसतं.

राज्यकर्ते गेले तरी त्यांची कचेरीतली भाषा मागे राहते, हे आपल्याला नवं नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना पर्याय द्यायला. तरीही अर्ज, तारीख, दाखला, हुकूम आजही आपल्याकडे ठाण मांडून आहेत. आमचं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं ते १८५३ साली. म्हणजे आधी फारसी वळणाचे अर्ज, त्यावर इंग्रजी शेरे, आणि नंतर मराठी.

संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १९६० सालीच राज्याने भाषा संचालनालय काढलं आणि सरकारी इंग्रजीला मराठी प्रतिशब्द देण्याचं प्रचंड काम सुरू झालं. 'आवश्यक ती कार्यवाही', 'माहितीस्तव व पुढील कार्यवाहीस्तव' ही मंडळी आपल्या ओळखीची झाली ती याच सरकारी मराठीतून. बाय द वे, 'कार्यवाही' आणि 'कारवाई' यांत गल्लत करू नका. कार्यवाही म्हणजे काम पुढे नेणं, कारवाई म्हणजे बडगा. बॉसला 'योग्य ती कारवाई करावी' असं लिहिलंत, तर तो आधी तुमच्याकडेच संशयाने बघेल!

थोडक्यात काय, तर मामांनी कचेरीत 'योग्य ती कार्यवाही' लिहिलं आणि मुलीने लॅपटॉपवर 'डू द नीडफुल' लिहिलं. वाक्य एकच. दोघांच्या शिक्षणात मात्र केवढा फरक! मामांना इंग्रजी पाचवीपासून, आणि घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. बहिणीच्या पिढीला पहिलीपासून, कारण २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीला आलं. इंग्रजी चार वर्षं आधी आलं खरं, पण साहेबाला काय हवंय ते सरळ कसं सांगायचं, हे काही कुठल्याच इयत्तेत आलं नाही.

नम्रतेचा बुरखा

खरं दुखणं इथे आहे. हे वाक्य आपण इंग्रजी कच्चं आहे म्हणून लिहीत नाही. ते लिहितो, कारण सरळ सांगायची भीती वाटते. मी सहा महिन्यांची ट्रेनी, समोर पैसे देणारा क्लायंट. त्याला 'ही लिंक दाबा' असं कसं सांगायचं? उद्धट वाटलं तर? आणि मी सांगितलेलं चुकीचं निघालं तर? त्यापेक्षा 'नीडफुल' बरं. जे काय गरजेचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

हसू नका, तुम्हीही हेच करता. मीही केलंय. एका मासिकाकडे माझं मानधन अडकलं होतं. तीन महिन्यांत तीन मेल गेले, तिन्हींच्या शेवटी 'काइंडली डू द नीडफुल'. पैसे मागायची लाज, दुसरं काय! चौथ्या मेलमध्ये लाज बाजूला ठेवली. अमुक महिन्याचा लेख, इतकी रक्कम, बिल पुन्हा जोडलंय, या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत खात्यात जमा करावी, काही अडचण असेल तर कुणाशी बोलू ते सांगावं. पंधरा दिवसांत पैसे आले. नंतर शब्दकोश चाळताना कळलं, की जुन्या बोलीभाषेतल्या इंग्रजीत 'द नीडफुल' म्हणजे चक्क पैसे! म्हणजे तीनही वेळा मी शब्द बरोबर वापरला होता, फक्त समोरच्याला ते ठाऊक नव्हतं.

पण स्पष्ट लिहिणं म्हणजे उद्धट लिहिणं का? मामांचं म्हणणं, मुळीच नाही. जुन्या मराठी पत्रांतही शेवटी 'बहुत काय लिहिणे' आणि 'लोभ असावा' असायचंच. पण ते शेवटी. आधी कोणते गाव, किती माणसं, किती रक्कम, कधीपर्यंत हे नीट मांडलेलं असायचं. नम्रता शेवटच्या ओळीत होती, मजकुराच्या जागी नव्हती.

सरकारलाही हे एका कायद्यात लिहावंच लागलं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ बघा. कोणती सेवा, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण, किती दिवसांत द्यायची आणि नाही मिळाली तर अपील कुणाकडे, हे सगळं आधी जाहीर करायचं. म्हणजे 'योग्य ती कार्यवाही' या तीन शब्दांत जे जे लपून बसायचं, ते बाहेर काढून फलकावर लावायचं. मामा म्हणतात, "हे आमच्या टायमाले असतं, तं माह्या टेबलावरचे निम्मे कागद कमी झाले असते."

मग लिहायचं की नाही?

लिहा की! पण दोनच वेळा.

एक, जेव्हा काय करायचं ते वरच्याच ओळीत लिहून झालंय. मग शेवटी 'नीडफुल' आलं तरी ते फक्त 'ही विनंती' एवढंच काम करतं. दोन, जेव्हा समोरच्याला ते काम रोजचं आहे. अकाउंट्सवाल्या काकांना दर महिन्याला तेच बिल जातं, तिथे दोघांनाही माहीत असतं 'नीडफुल' म्हणजे काय. तिथे ते वाक्य आपल्या नाक्यावरच्या 'नेहमीचं द्या' इतकंच सोपं आहे. पण नव्या हॉटेलात जाऊन वेटरला 'नेहमीचं द्या' म्हणालात तर? तो बिचारा तोंडाकडे बघत उभा राहणार. अमेरिकेतल्या दुकानदाराचं नेमकं तेच झालं.

आणि परदेशी क्लायंट असेल, तर शेवटीसुद्धा नका लिहू. तो शब्द त्याच्या कानाला जुनाट लागेल आणि तुमचं कामाचं म्हणणं बाजूला राहील.

माडीवर बसून आम्ही तो मेल पुन्हा लिहिला. बहिणीने स्वतःच लिहिला, मी आणि मामा फक्त चहा पीत होतो. नव्या मेलचा मराठीत सारांश असा: तुमच्या वेबसाइटचं सर्टिफिकेट शुक्रवारी संपतंय. नवीन सर्टिफिकेटसाठी मालक म्हणून तुमची मंजुरी लागते. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीकडून तुम्हाला आज एक मेल येईल, त्यातली लिंक गुरुवारी संध्याकाळपर्यंत दाबा. बाकी सगळं आम्ही करू. मंजुरी मिळाली नाही तर शनिवारी साइट बंद दिसेल. मेल सापडला नाही तर मला लगेच कळवा.

सहा वाक्यं. एकही अवघड शब्द नाही. मी म्हटलं, "बघ, यातलं इंग्रजी सातवीतल्या पोरीलाही येईल." ती म्हणाली, "हो ना. पण हे लिहायला मला आत्ता जास्त भीती वाटली. यात सगळं माझ्या नावावर आहे."

अगदी हेच! 'नीडफुल' लिहिताना काहीच आपल्या नावावर नसतं.

पाठवण्याआधी एक मिनिट

'नीडफुल'ची बाकीची भावंडंही इनबॉक्समध्ये फिरत असतात. त्यांचीही ओळख करून घ्या.

रिव्हर्ट बॅक: 'रिव्हर्ट'चा मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणे. 'उत्तर द्या' या अर्थाने तो आपल्याकडे चालतो, परदेशी माणूस गोंधळतो. आणि 'बॅक' तर त्याच्या पोटातच आहे. सरळ 'रिप्लाय' म्हणा, सोबत कधीपर्यंत ते सांगा.

प्रिपोन: मीटिंग आधी घेणे. भारतात बिनधास्त वापरा, शब्दकोशांनीही त्याला भारतीय इंग्रजी म्हणून जागा दिलीये. बाहेरच्यांना मात्र 'दहाऐवजी नऊ वाजता' असं सांगा. तसंही वेळ सांगितल्याशिवाय नुसत्या 'प्रिपोन'चा उपयोग काय?

पास्ड आउट: '२०२२ साली पास्ड आउट झालो' असं परदेशी मुलाखतीत सांगितलंत, तर ते विचारतील, शुद्धीवर कधी आलात? 'ग्रॅज्युएट झालो' म्हणा.

द सेम: 'प्लीज कन्फर्म द सेम'. कशाचं सेम? तारखेचं, रकमेचं, की पत्त्याचं? वरच्या ओळीत तीन गोष्टी असतील तर त्यातली कोणती, ते लिहा.

आणि एक लक्षात असू द्या. भारतीय इंग्रजी म्हणजे चुकीचं इंग्रजी नव्हे. २०२० साली ऑक्सफर्डच्या ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीच्या दहाव्या आवृत्तीत २६ नवे भारतीय शब्द दाखल झाले. त्यांत 'डब्बा' आहे आणि आपली 'चाळ'सुद्धा! प्रश्न शब्द कुणाचा हा नाहीच. वाचणाऱ्याला काय करायचं ते कळलं का, एवढाच आहे.

शुक्रवारचा निकाल

साक्षगंध दणक्यात झालं. शुक्रवारी बहिणीचा रिव्ह्यू होता. तिने आदल्या दिवशीच क्लायंटला माफीचा मेल पाठवला होता. काय चुकलं, ते कुणामुळे चुकलं, यापुढे सूचना कशी आणि किती दिवस आधी येईल, सगळं मुद्देसूद. त्याचं दोन शब्दांचं उत्तर आलं, ठीक आहे, धन्यवाद. बुडालेली विक्री काही परत आली नाही.

राजीनामा दिला का? नाही दिला. कंपनीने कन्फर्म केलं का? तेही नाही. प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. सिनेमातल्यासारखा टाळ्यांचा सीन काही झाला नाही.

मी परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसले तेव्हा तिचा मेसेज आला. ज्या मुलाने 'गावाकडचं इंग्लिश' लिहिलं होतं, त्यानेच ग्रुपवर नवी सूचना टाकली होती, 'काइंडली रिव्हर्ट बॅक ॲट द अर्लिएस्ट'. मला वाटलं, आता ही स्मायली टाकणार. तिने त्याला एवढंच विचारलं होतं, "कशाबद्दल आणि कधीपर्यंत?"

त्याने उत्तर दिलं, उद्या चारपर्यंत, लीव्ह प्लॅनबद्दल. सगळ्यांनी साडेतीनलाच पाठवून दिले म्हणे!